कमरेला आणि रेंजवर, दोन्हीकडे चालेल असं एकच छोटं पिस्तूल: .३२ मध्ये काय घ्यावं?

दाणाबंदर (नेरुळ)

मंडळी, नमस्कार. पाचेक वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वाशीला एपीएमसीत धान्याचा गाळा आहे, वडिलांपासूनचा. सीझनला वसुलीची रक्कम घेऊन अवेळी फिरावं लागतं. तीन वर्षांपूर्वी पामबीचवर दोघा बाइकवाल्यांनी गाडी अडवायचा प्रयत्न केला. त्या तक्रारीच्या आधारावर शस्त्र परवान्याचा अर्ज केला. चौदा महिने गेले. झेरॉक्सना गणती नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे चौकशी झाली (तो अजून लिफ्टमध्ये माझ्यापासून हातभर लांब उभा राहतो), ट्रेनिंगचं एस-१ सर्टिफिकेट झालं, आणि गेल्या आठवड्यात परवाना हातात पडला. एक हँडगन, नॉन-प्रोहिबिटेड बोअर (म्हणजे नळीचं माप सामान्य माणसाला मुभा असलेलं, जसं .३२ इंच).

आता अडलंय निवडीवर. एक तर शर्टाखाली दिसणार नाही असं लहान हवं. दुसरं म्हणजे रविवारी रेंजवर जाऊन नेमबाजी करायची आहे. गावच्या जत्रेत फुगे फोडण्यात आमचा हात कोणी धरत नव्हता. रिव्हॉल्व्हर नको, सेमी-ऑटोमॅटिकच हवं. डॅलसला असलेला भाचा रोज एक व्हिडिओ पाठवतो, त्यामुळे डोकं आणखी फिरलंय. बजेट दीड-दोन लाख. जाणकारांनी एकच नाव सांगावं.

डॅलसचा डोंबिवलीकर

काका, तो भाचा मी नव्हे, पण माझंही मत तेच असेल. इकडे हा प्रश्न विचारलात तर दहातले सहा जण ग्लॉक १९ सांगतील. ९ मिमी, चार इंची नळी, १५ गोळ्यांचं मॅगझिन. कॉम्पॅक्टचं मापच त्यावरून ठरलंय म्हणा ना. त्याहून लहान हवं तर सिगचं पी३६५. २०१८ मध्ये आलं तेव्हा एवढ्याशा पिस्तुलात १० अधिक १ गोळ्या बघून लोक चाट पडले होते.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. कपड्याखालून दिसते ती मूठ. नळी पँटच्या आत जाते, ती अर्धा इंच लांब असली तरी फरक पडत नाही. मूठ मात्र पोटावर वाकलात की शर्टातून डोकावते. म्हणून लांब नळी आणि आखूड मूठ असं बघा. आणि रेंजवर भाड्याने घेऊन दोन-तीन मॉडेल्स चालवून मगच पैसे मोजा.

जुनी खाकी (ठाणे)

डोंबिवलीकर, मुठीबद्दल बरोबर बोललात. बाकी सगळं डॅलसला ठेवा. इथे वाचून एखादा खरंच ९ मिमी शोधत फिरायचा.

मी पोलीस खात्यातून निवृत्त आहे, शेवटची चार वर्षं परवान्याच्या टेबलावर काढली. ९ मिमी (काडतूस ९ गुणिले १९ मिमीचं) हा आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर आहे. तसंच .४५. पोलीस-लष्कराचं काडतूस सामान्य माणसाच्या हातात नको, असा त्यामागचा विचार. बेकायदा प्रोहिबिटेड हत्यार जवळ सापडलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात ते चौदा वर्षं आहे. तेव्हा ग्लॉक, सिग वगैरे व्हिडिओपुरतं.

परदेशी माल नव्याने मागवण्याची वाट सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत आहे, तुम्ही-आम्ही त्यात नाही. राहिलं काय, तर .३२. त्यातही दोन वेगळी काडतुसं आहेत आणि नवशिके इथेच घसरतात. पिस्तुलाचं .३२ एसीपी, ज्याला ७.६५ म्हणतात. रिव्हॉल्व्हरचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. आकडा एक, माल वेगळा, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. दुकानात नुसतं "बत्तीसची द्या" म्हणू नका.

सरकारी मालात .३२ एसीपीचं पिस्तूल म्हणजे अशनी. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचं जुनं मार्क थ्री, २०१४ चं निर्भीक (वजन ५०० ग्रॅम, टायटॅनियम मिश्रधातूचं), आणि २०२३ चं प्रबल. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या २०२१ मध्ये सात कंपन्या झाल्या, त्यामुळे डब्यावरचं नाव बदललंय. अलीकडे खाजगी कारखान्यांचाही माल येतो. निवड एवढीच. भाच्याला सांगा, मेनू कार्ड लहान आहे.

मिसळ_जादा_तर्री (नौपाडा)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

आणि काका, वाशीहून नेरुळला जायला पिस्तूल? आमच्या संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये चढून दाखवा, तिथे छत्रीसुद्धा उपसता येत नाही.

माशी आणि खाच (ठाणे, घोडबंदर रोड)

मी अकरा वर्षं पिस्तूल नेमबाजी करतो. राज्य स्पर्धेच्या पुढे गेलो नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी पदक विचारायला नको.

दाणाबंदरशेठ, एकच नाव सांगा म्हणालात. नाव सांगण्याआधी तुमची एक समजूत मोडावी लागेल. कमरेला लावायचं पिस्तूल आणि टार्गेटचं पिस्तूल यांचे गुण उलटे असतात. एकात जे चांगलं, ते दुसऱ्यात वाईट.

आकड्यांनी सांगतो. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांतल्या अंतराला साइट रेडियस म्हणतात. २५ मीटरच्या स्पर्धेत ते जास्तीत जास्त २२० मिमी चालतं, आणि सगळे त्या मर्यादेच्या जवळच राहतात. तुमच्या खिशातल्या पिस्तुलात ते १२० धरा. आता माशी खाचेत फक्त १ मिमी डावीकडे सरकली, तर लांब पिस्तुलाची गोळी २५ मीटरवर ११४ मिमी चुकते. आखूड पिस्तुलाची २०८ मिमी. तिथल्या कागदावर दहाचं वर्तुळ ५० मिमी व्यासाचं असतं. म्हणजे हात तोच, डोळा तोच, चूकही तीच, आणि एक गोळी सहाच्या वर्तुळात, दुसरी दोनच्या.

मग वजन. स्पर्धेचं पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि ते जड असलेलं बरंच, कारण जड वस्तू कमी थरथरते. कमरेला सव्वा किलो लावून दिवसभर गाळ्यावर बसून बघा, संध्याकाळी पँट गुडघ्यावर.

सगळ्यात मोठा फरक ट्रिगरचा. स्पर्धेत .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलाला किमान १००० ग्रॅमचा ट्रिगर लागतो, दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला ५००. तो काच फुटल्यासारखा सुटतो, खेचतोय असं वाटतच नाही. कमरेच्या पिस्तुलाला एवढा हलका ट्रिगर ठेवणं म्हणजे मांडीला आमंत्रण. त्यामुळे तो जड असतो आणि असायलाच हवा. वॉल्थर पीपीकेसारख्या डबल अ‍ॅक्शनमध्ये पहिली खेच, जी घोडाही मागे ओढते, पाच-सहा किलोच्या घरात. पाच किलो ओढताना सहाशे ग्रॅमचं पिस्तूल स्थिर ठेवायचं आहे. जमतं, पण जत्रेतल्या फुग्यांच्या अनुभवावर नाही. (जत्रेतल्या बंदुकीची माशी वाकडी असते. तुम्ही तिथे जिंकत होतात म्हणजे काहीतरी आहे तुमच्यात, ते सोडू नका.)

अशनीच्या जातीच्या .३२ पिस्तुलांची एक चांगली बाजूही सांगतो. काडतूस अशक्त असल्याने यंत्रणा साधी ब्लोबॅक असते. स्लाइडचं (वरच्या सरकत्या भागाचं) वजन आणि स्प्रिंगचा जोर, एवढ्यावर मागचं तोंड बंद राहतं, आणि नळी फ्रेमला पक्की बसवलेली असते. नळी हलत नाही म्हणून पिस्तूल मुळात बरंच अचूक असतं. दोष बहुधा हाताचा निघतो. वाईट बाजू अशी की सगळा जोर स्प्रिंगवर, त्यामुळे स्लाइड मागे ओढायला मनगट लागतं. दुकानात हे स्वतः करून बघा. वहिनींनाही करायला सांगा, घरात ते रिकामं आहे की नाही तपासता येणारा दुसरा माणूस हवा.

काडतुसाबद्दल शेवटचं. .३२ एसीपी १८९९ चं आहे, ब्राउनिंगच्या काळातलं, आणि त्याच्या बुडाला किंचित कड आहे. मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या मागे गेली की दोन्ही एकमेकींत अडकतात. पिस्तूल जाम झालं की लोक कारखान्याला शिव्या देतात, आणि चूक भरण्यात असते. प्रत्येक गोळीची कड आधीच्या कडेच्या पुढे राहील असं भरा.

दाणाबंदर (नेरुळ)

माशीभाऊ, एवढं कोणी समजावलं नव्हतं. रात्री तीनदा वाचलं.

पण मग हौस करायचीच नाही का? परवान्यावर गोळ्यांचा कोटा आहे, पिस्तूल असणार आहे, तर रविवारी पन्नास गोळ्या उडवल्या तर बिघडलं कुठे?

जुनी खाकी (ठाणे)

उडवा की. वर्षाचा कोटा परवान्यात लिहिलेला असतो. दर रविवारी पन्नास धरल्यात तर दिवाळीला मॅगझिनमध्ये घालायला शिल्लक राहणार नाही. परत काडतुसं खडकीची, सरकारी, मिळतील तेव्हा मिळतील. दुकानदार प्रत्येक खरेदी परवान्यावर चढवतो. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, हिशोब विचारला तर दाखवता येतात.

आणि चालवणार कुठे? इकडच्या बहुतेक क्लबांत दहा मीटरची हवेची रेंज असते, तिथे काडतूस चालत नाही. त्यासाठी वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन, सभासदत्व वगैरे सोपस्कार करून. गाळ्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा गावच्या शेतावर "जरा चालवून बघतो" म्हणालात, तर मीच तक्रार करीन.

वडिलोपार्जित (पनवेल)

जुन्या विलायती पिस्तुलांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्याकडे वडिलांचं वॉल्थर पीपी आहे, .३२. वारसाहक्काने परवाना माझ्या नावावर झाला. मूळ परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. अनेकांना हे माहीतच नसतं, आणि वडील गेल्यावर धावपळ करतात.

देखणी चीज. चेंबरमध्ये गोळी असली की मागे एक बारीक पिन बाहेर येते, अंधारात अंगठ्याने कळतं. १९२९ चं डिझाइन आहे, आजही हातात घेतलं की माणूस गप्प होतो. आयात बंद म्हणून बाजारात असल्या पिस्तुलांना लाखांत भाव येतो.

पण, दाणाबंदरशेठ, त्या भावात यंत्र कमी आणि टंचाई जास्त विकत घेताय. माझ्या पिस्तुलाचा एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) तुटला. सुटा भाग मिळेना. एका कारागिराने घासून-पुसून दुसरा बसवून दिला, तो तिसऱ्या मॅगझिनला पुंगळी अर्धी बाहेर काढून थांबला. परवान्यावर नोंद, दुरुस्तीची पावती, परत नोंद, असं करत सात महिने हत्यार कारागिराकडे. जीव अडकला असता तर पावती दाखवली असती चोराला. मॅगझिनचे ओठ जरा वाकले तरी गोळी नीट चढत नाही, आणि मूळ मॅगझिनची किंमत सांगितली तर तुम्ही तांदळात मोजाल. ठेवलंय, विकणार नाही. ते मी वडिलांची आठवण म्हणून तेल लावतो, संरक्षण म्हणून नव्हे.

कोपरीची कालिंदी (ठाणे पूर्व)

पुरुष मंडळींचं चालू द्या, मी आपली एक व्यावहारिक गोष्ट सांगते.

माझी मुलगी चौदाची आहे, दहा मीटर एअर पिस्तूल करते. त्यासाठी आम्हाला परवाना लागला नाही. .१७७ म्हणजे साडेचार मिमीचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल परवान्याशिवाय घेता येतं, ओळखपत्र द्यावं लागतं. पेलेटचा (छर्र्यांचा) कोटा नाही. दिवसाला साठ मारा, शंभर मारा. आवाजाने शेजारी जमत नाहीत.

आणि सोपं आहे असं समजू नका. तिथे दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, शर्टाच्या बटणाएवढं. एका हाताने, आधाराशिवाय. साठ शॉटला सव्वा तास मिळतो. चाळिसाव्या शॉटला हात काय बोलतो ते तिथे कळतं.

खर्चाचं खरं सांगते. स्टायर, मोरिनी, पार्डिनी ही नावं ऐकाल, सगळी लाखाच्या पुढे. लगेच घेऊ नका. पहिले सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर काढा. आमच्या शेजारच्या मुलाच्या वडिलांनी पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियाचं पिस्तूल घेतलं. मुलगा आता तबला शिकतो. पॅरिसला त्या तुर्की युसुफ डिकेचने साधा चष्मा घालून, एक हात खिशात ठेवून मिश्र दुहेरीचं रौप्य नेलं, ते आमच्या क्लबमधल्या सगळ्या पालकांना दाखवायला हवं.

अवांतर: एअर रायफल हवी असेल तर प्रेसिहोल ही आपल्या ठाण्याचीच. बंदुकीच्या नळ्या पाडायची यंत्रं करता करता रायफली करायला लागले. वागळे इस्टेटमध्ये नुसत्या ट्रॅफिक जॅमचंच उत्पादन होत नाही.

माशी आणि खाच

कालिंदीताईंना +१. हेच सांगायचं होतं आणि मी साइट रेडियसमध्ये अडकलो. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडला २५ मीटरचं सुवर्ण घेतलं, .२२ च्या पिस्तुलावर. हौस असो की पदक, नेम शिकायची जागा कमरेचं .३२ नाही.

मोठ्या आवाजावर शिकणाऱ्याला फ्लिंच लागतो. धमाका होणार हे हाताला आधीच कळतं, ट्रिगर सुटायच्या क्षणी तो खाली झटका देतो, आणि गोळी डावीकडे खाली. एकदा लागला की काढायला वर्ष जातं. हवेवर आधी ट्रिगर शिका, मग .३२ च्या वीस गोळ्यासुद्धा पुरतात.

शार्पशूटर_९०९ (कळवा)

एवढं कशाला, उत्तरेकडून वीस-पंचवीस हजारात देशी बनावटीचं येतं, माझ्या ओळखीचा एक

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे. सदस्याला समज दिली आहे. विनापरवाना हत्यारांवर इथे एक ओळही चालणार नाही. धागा भरकटवू नये.

जुनी खाकी (ठाणे)

धन्यवाद, संपादक. असली "देशी बनावट" फुटून बोटं गेलेली मी पंचनाम्यात लिहिली आहेत.

आता शेठ, घेण्यावर तुम्ही सगळे बोललात, बाळगण्यावर कोणी नाही.

सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं हवं, आणि तुमच्या ताब्यात. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून चहाला उतरलात तर ते ताब्यात नाही. मूळ परवाना सोबत हवा, मोबाइलमधला फोटो नव्हे. मेट्रोत चालत नाही. विमानात आधी जाहीर करून, सामानात. मॉलच्या दारावर वाद घालू नका, घरी ठेवून जा. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आपल्याकडे सणासुदीला सर्रास. आदेशात कोणाला सूट आहे ते दर वेळी वाचा. लग्नात कोणी "शेठ, एक बार काढा हवेत" म्हणालं तर २०१९ पासून अशा हवेतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि असं म्हणणारा पाहुणा प्रत्येक लग्नात असतो.

निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून फोन येतो, हत्यार जमा करा. छाननी समिती असते, सरसकट नसतं, पण तयारी ठेवा. २०२४ मध्ये मेमध्ये लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली, काहींचं हत्यार वर्षात दोनदा जमा झालं. पावती जपून ठेवा.

आणि एक खासगीत विचारण्यासारखा प्रश्न उघड विचारतो. पामबीचवर त्या दोघांनी गाडी अडवली तेव्हा पिस्तूल कमरेला असतं, तर सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेत तुम्ही काय केलं असतं?

दाणाबंदर (नेरुळ)

साहेब, दोन दिवस यावर विचार करतोय. खरं सांगू? तेव्हा मी रिव्हर्स टाकून पळालो होतो. पिस्तूल असतं तर कदाचित पळालो नसतो, आणि ते बरं झालं असतं असं नाही वाटत. वसुली आता बरीचशी आरटीजीएसने घेतो, हे ही कबूल करतो.

दाणाबंदर (नेरुळ), अडीच महिन्यांनी

मंडळी, धागा वर काढतोय, अर्धवट सोडलेले धागे मलाच आवडत नाहीत.

दुकानात दोन पिस्तुलं आणि एक रिव्हॉल्व्हर हाताळलं. पहिल्याची स्लाइड मला जमली, बायकोला नाही. तिने रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं रिकामी बघून मला परत दिलं, दहा सेकंदांत. दुकानदार म्हणाला, वहिनींनी निकाल दिला. तरी हट्टाने .३२ पिस्तूलच घेतलं, अशनी. पंधरा दिवस रोज रात्री रिकामं करून स्लाइड ओढायचा सराव आम्ही दोघांनी केला. आता तिलाही येतं, पण ती म्हणते लोणच्याच्या बरणीचं झाकण बरं. तिजोरी भिंतीत बसवून घेतली. पिस्तूल बहुतेक तिथेच असतं. कमरेला आजवर चारदा लावलं, चारही वेळा घामाने जीव गेला.

वरळीला नेऊन वीस गोळ्या चालवल्या. पंचवीस मीटरवर कागदाला सात लागल्या, तेरा कुठे गेल्या त्या मातीलाच ठाऊक. पहिलं वाक्य तोंडातून निघालं, "पिस्तुलात दोष आहे." शेजारच्या लेनमधल्या एका मुलीने परवानगी घेऊन त्याच पिस्तुलाने पाच मारल्या, पाचही मधल्या काळ्या वर्तुळात. गप्प बसलो.

मग कालिंदीताईंचं ऐकून दहा मीटरच्या क्लबात नाव घातलं. लेकही बरोबर येते, तेराची आहे. पहिल्या दिवशी मला शंभरात एक्केचाळीस, तिला त्रेसष्ट. तिथल्या कोचने मला दोन्ही हातांचा त्रिकोण करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितला. निघालं असं की मी उजव्या हाताचा, पण माझा मुख्य डोळा (नेम धरताना जो पुढाकार घेतो तो) डावा. पन्नास वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. जत्रेतल्या वाकड्या माशीशी माझं का जुळत होतं, त्याचाही उलगडा झाला बहुतेक.

माशीभाऊ, आता यावर काय करायचं? कोच म्हणतो डाव्या डोळ्यापुढे पट्टी लाव, क्लबातले एक आजोबा म्हणतात सरळ डाव्या हातात पिस्तूल घे. हाताच्या साच्याची मूठ घ्यायची तर उजवी की डावी, हे आधी ठरायला हवं.

माशी आणि खाच

पट्टी. चष्म्याला समोरून दुधी प्लास्टिक लावा, ३० मिमीपर्यंत रुंद चालतं. डोळा मिटू नका, उघडा ठेवूनच झाका. महिनाभराने आकडा चाळीसच्या आसपासच राहिला तर डाव्या हाताचं बघू. तोवर मूठ घेऊ नका, क्लबची वापरा.

लेकीचा मुख्य डोळा तपासला का?